पायी पाहिलेले जुने नागपूर

मंडळी, नागपूर पाहिले आहे काय, असे कुणी विचारले तर आपल्यापैकी बहुतेकजण हो म्हणतील. कोर्टाच्या तारखेला, मेडिकलमध्ये नातलगाला दाखवायला, कळमन्याच्या बाजारात माल घेऊन, लग्नाचा बस्ता बांधायला, दीक्षाभूमीला, परीक्षेला, कशा ना कशा निमित्ताने नागपूरला न आलेला माणूस विदर्भात शोधावाच लागेल. शिक्षक मंडळी तर शाळेची सहल घेऊन वरचेवर येतात. तरीही मी असे म्हणणार आहे की आपण नागपूर पाहिलेले नाही. रागावू नका. मी या शहरात इतिहास शिकवतो, अठरा वर्षे झाली, आणि परवापरवापर्यंत मीही ते पाहिले नव्हते.

झाले असे. वर्गात भोसल्यांचा इतिहास चालू होता. १७४३ साली रघूजी भोसल्यांनी नागपूरचा कारभार आपल्या हाती घेतला, गोंड राजा बुऱ्हाणशहा याला नेमणूक बांधून दिली, राजा ही पदवीही राहू दिली, असे मी दरवर्षीप्रमाणे सांगून टाकले. तास संपल्यावर देवलापारकडचा एक मुलगा मागे राहिला. जातीने गोंड, बोलण्यात भिडस्त. म्हणाला, "सर, मंग त्या गोंडराजाचं काय झालं?" मी म्हटले, "काय व्हायचे? इथेच राहिला." "इथं म्हंजे कुठं जी?" "महालात. त्याचा किल्ला होता तिथे." "हाये का आजून?" आता आली का पंचाईत! पुस्तकात वाचले होते की आहे. पण कोणत्या गल्लीतून जायचे, दार कुठल्या दिशेला, आज तिथे काय उरले आहे, यातले मला काहीएक सांगता येईना. ज्या किल्ल्यावर मी अठरा वर्षे तास घेतला, तो माझ्या घरापासून सायकलने वीस मिनिटांवर होता. मी म्हटले, "रविवारी ये. दोघे मिळून पाहू."

त्या रविवारी आम्ही जे पायी फिरलो तेच आज आपणांस सांगणार आहे. आपणही असेच फिरावे असे वाटते, म्हणून वाटही सांगतो.

पायीच का, हे आधी सांगितले पाहिजे. स्पेन देशात टोलेडो नावाचे एक जुने शहर आहे. उंच खडकावर वसलेले, ताजो नदीने तिन्ही अंगांनी वळसा घातलेले. तेथे जाणारे लोक हिंडतात ते बहुतकरून पायीच, कारण आतल्या गल्ल्याच एवढ्या अरुंद. तेथे अरबांचे राज्य झाले, पुढे १०८५ साली सहावा आल्फान्सो या ख्रिस्ती राजाने ते शहर घेतले. जुनी मशीद, ज्यू लोकांचे प्रार्थनामंदिर आणि मोठे चर्च अशी सगळी तेथे थोड्या चालीत लागतात. चालणाऱ्याला तीन धर्मांचा आणि दोन राज्यांचा इतिहास पायाखाली कळतो. १५६१ साली राजाने दरबार माद्रिदला हलविला आणि टोलेडो मागे पडले. मागे पडले म्हणूनच बरेचसे जसेच्या तसे राहिले.

आमच्या नागपूरचे नशीब उलटे. ते कधी मागे पडलेच नाही. गोंडांची राजधानी झाली, भोसल्यांची झाली, १८६१ साली इंग्रजांनी मध्यप्रांत बनविला त्याचीही हीच. स्वातंत्र्यानंतर १९५६ पर्यंत मध्यप्रदेशाची राजधानी हीच होती, आणि पुढे महाराष्ट्रात आल्यावर विधिमंडळाचे एक अधिवेशन येथे भरू लागले. प्रत्येक नव्या कारभाऱ्याने जुन्याच्या अंगावरच घर बांधले. म्हणून नागपुरात जुने काही पाहायचे तर ते मोटारीच्या काचेतून दिसत नाही. थांबावे लागते, मान वर करावी लागते, कुणाला तरी विचारावे लागते. बसने आलेली सहल झिरो माइलचा खांब पाहते, रमण विज्ञान केंद्र पाहते आणि संध्याकाळी परत जाते. त्यात वाईट काही नाही. परंतु विज्ञान केंद्राच्या दारातून निघून मुले जर थोडीशी चालली असती, तर ती अठराव्या शतकात पोचली असती.

तर गणेशपेठच्या एसटी स्टँडवर सकाळीच उतरा. प्रथम तर्री-पोहे खा. रिकाम्या पोटी इतिहास चढत नाही. मग कुणालाही विचारा, गांधीसागर कुठे. दहा मिनिटांत तुम्ही एका मोठ्या चौकोनी तलावाच्या काठी येऊन उभे राहाल. हाच जुना जुम्मा तलाव, शुक्रवारी तलाव. जुम्मा म्हणजे शुक्रवारच. काठावर संध्याकाळी खाण्याच्या गाड्या लागतात, पोरे फिरायला येतात, पण हा तलाव शोभेसाठी केलेला नव्हे. गावाला पाणी हवे म्हणून गोंड राजा चांद सुलतान याने अठराव्या शतकात तो करविला.

येथे जरा कठड्यावर बसा, कारण आधीची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. आजच्या मध्यप्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात देवगड नावाचा डोंगरी किल्ला आहे. तेथील गोंड राजघराण्यातला बख्त बुलंद हा गादीच्या भांडणात दाद मागावयास दिल्लीच्या दरबारी गेला. औरंगजेबाच्या काळात त्याने इस्लाम स्वीकारला, बख्त बुलंद म्हणजे थोर नशिबाचा हे नाव मिळविले आणि राज्य घेऊन परत आला. दिल्लीहून येताना त्याने एक गोष्ट बरोबर आणली, ती म्हणजे शहर कसे असते ही कल्पना. डोंगरावर बसून राज्य वाढत नाही हे त्याने ओळखले. त्याने हिंदू आणि मुसलमान, शेतकरी आणि कारागीर सपाटीवर आणून वसविले, आणि नाग नदीच्या काठच्या बारा लहान वस्त्या एकत्र करून १७०२ च्या सुमारास नागपूर शहराचा पाया घातला. त्या वस्त्यांना राजापूर बारसा म्हणत. चांद सुलतान हा त्याचा मुलगा. त्याने देवगड सोडून राजधानीच नागपूरला आणली, गावाला तट घातला आणि हा तलाव बांधला.

आणखी एक वानगी सांगतो. औरंगजेब दक्षिणेत मराठ्यांशी झुंजण्यात गुंतला तेव्हा याच बख्त बुलंदाने मोगलांचा मुलूख लुटला. बादशहा इतका चिडला म्हणतात की त्याने त्याचे नाव बदलून दुर्दैवी अशा अर्थाचे ठेवण्याचा हुकूम काढला. हुकूम निघाला, पण नाव काही बदलले नाही.

तलावाच्या वायव्येला आज उंच इमारती आणि दुकाने दिसतील. तेथे जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल होती. दलदलीची जागा भरून काढून १ जानेवारी १८७७ ला ती सुरू झाली. तलावाचे पाणी, जवळ रेल्वे, आणि आपल्या वऱ्हाड-वर्ध्याचा कापूस, हे तिन्ही हिशेब टाटांनी जमविले. सव्वाशे वर्षे तिचा भोंगा या भागाचे घड्याळ होता. २००२ साली ती बंद झाली. तुमच्यापैकी कितीतरी घरांतून कुणी आजोबा, कुणी मामा तेथे साच्यावर उभे राहिले असतील.

तलावाला पाठ करून महालाकडे चालू लागलात की रस्त्यावर एक दगडी कमान आडवी येते. हिला आता गांधी गेट म्हणतात. जुने नाव जुम्मा दरवाजा. जवळच शिवाजी महाराजांचा पुतळा आहे. स्कूटरी, ऑटो आणि हातगाड्या त्या परिसरातून अशा काही धावत असतात की उभे राहायला जागा शोधावी लागते. तरी शोधा. कारण हा दरवाजा म्हणजे एका मोठ्या झटापटीचा साक्षी आहे, आणि ती गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकात सहसा नसते.

१८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर भोसले आणि इंग्रज यांची लढाई झाली, ती सर्वांना ठाऊक आहे. (त्या टेकडीकडे आपण शेवटी जाऊ. पायी फिरताना इतिहास सनावळीप्रमाणे येत नाही, रस्त्याप्रमाणे येतो.) डिसेंबरात इंग्रजांची मोठी कुमक येऊन पोचली. १६ डिसेंबरला सकाळी अप्पासाहेब भोसले स्वतः इंग्रजांच्या छावणीत गेले. राजा गेला, पण फौज हटेना. त्या दिवशी लढाई झाली, भोसल्यांच्या तोफा गेल्या, आणि पदरीच्या अरब शिपायांनी माघार घेऊन या तटाच्या आत, राजवाड्याभोवती ठाण मांडले. राजाने शरणागती पत्करलेली, पगार कोण देणार याची शाश्वती नाही, परका मुलूख, आणि हे लोक गाव सोडीनात. इंग्रजांनी तोफा लावल्या. २४ डिसेंबरला याच जुम्मा दरवाजावर त्यांनी हल्ला चढविला, आणि तो साफ फसला. त्या काळी हिंदुस्थानात कंपनीच्या पलटणी सहसा असल्या मार खाऊन मागे फिरत नसत. शेवटी बोलणी झाली, आणि ३० डिसेंबरला ते अरब शिपाई आपली बायकामुले व चीजवस्तू घेऊन कराराने बाहेर पडले.

मी हे त्या मुलाला सांगत होतो तेव्हा एक ऑटोवाला आमच्यासाठी थांबला. "जायचं हाये का जी?" नाही म्हटल्यावर त्याने कमानीकडे, मग आमच्याकडे पाहिले. येथे दोन माणसे नुसती उभी राहून वर पाहात आहेत, हे त्याला नवीन असावे.

कमानीतून आत गेलात की महाल. या नावात सारे आले. राजाचा महाल होता म्हणून वस्तीच महाल झाली. येथून पुढे घाई करू नका. एखाद्या गल्लीत सागवानी खांबांचा वाडा दिसेल, त्याच्या ओसरीत आता मोबाइल दुरुस्तीचे दुकान असेल. वरच्या मजल्याच्या कोरीव तुळया पाहण्यासाठी दुकानाची पाटी क्षणभर विसरावी लागते. चिटणवीसांचा वाडा पाहा. भोसल्यांच्या दरबारची ही कारभारी घराणी कशी राहात ते त्यावरून समजते. रुक्मिणीचे देऊळ, कल्याणेश्वराचे देऊळ पाहा. केळीबागेच्या रस्त्याने जाल तर एक गोष्ट मनाला लागेल. हा रस्ता रुंद करताना अलीकडच्या वर्षांत कडेची कितीतरी जुनी बांधकामे पाडली गेली. रस्ता अरुंद होता, गर्दीने माणसे त्रासली होती, हे मला कबूल आहे. तेथे राहणाऱ्याने रोज गर्दीत अडकून माझ्यासारख्यासाठी तुळया सांभाळाव्यात असे मी म्हणणार नाही. पण पाडण्यापूर्वी त्यांची चांगली छायाचित्रे आणि मापे कुणी घेऊन ठेवली असतील काय, हा विचार मात्र डोक्यातून जात नाही.

आता गोंडराजाचा किल्ला. मी मोठ्या ऐटीत पुढे चाललो होतो, हातात नकाशा उतरवून घेतलेला कागद. दोन वळणे झाली, तिसरे झाले, किल्ला काही येईना. शेवटी एका शिंप्याच्या दुकानापाशी थांबलो. म्हातारे गृहस्थ मशीनवर बसले होते.

"काका, किल्ला कुठे आला?"

"किल्ला? बर्डीचा का? थो तिकडं ऱ्हायला."

"नाही, गोंडराजाचा."

"मंग असं सांगा न! हा काय, मांगं टाकून आले तुम्ही."

माझा विद्यार्थी तोंड फिरवून हसला. हसू दे. मागे फिरलो, आणि दाट वस्तीच्या आत दडलेली ती जागा सापडली. आपण रायगड-प्रतापगड डोळ्यांपुढे ठेवून जाल तर निराश व्हाल. डोंगर नाही, बुरुजांची रांग नाही. जुन्या दगडी बांधकामाचे अवशेष, दरवाजा, आणि चोहोबाजूंनी चिकटलेली घरे. हे पुराणवस्तूचे तिकीट लावलेले ठिकाण नव्हे. राजघराण्याच्या वंशजांचा या जागेशी आजही संबंध आहे. म्हणून शिक्षकांना सांगतो, तीस मुले घेऊन एकदम आत घुसू नका. बाहेर उभे करा, आधी विचारा, मग दोन रांगा करून जा.

तो मुलगा बराच वेळ बोलला नाही. दरवाजाच्या दगडाला हात लावून उभा राहिला. मग म्हणाला, "लहान हाये." मी म्हटले, "हो." थोड्या वेळाने म्हणाला, "पण हाये."

या ठिकाणी उभे राहून मला जे उमगले ते वर्गात अठरा वर्षांत उमगले नव्हते. चांद सुलतान वारल्यावर त्याच्या गादीवर वलीशहाने हक्क सांगितला. चांद सुलतानच्या विधवा राणीने, रतनकुंवरने, वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना मदतीस बोलाविले. रघूजी आले, वलीशहाचा निकाल लागला, राणीच्या मुलांना गादी मिळाली, आणि रघूजी मोबदला घेऊन परत गेले. पुढे अकबरशहा आणि बुऱ्हाणशहा हे भाऊ आपसांत भांडले आणि १७४३ साली पुन्हा रघूजींना बोलावणे गेले. या खेपेस ते परत गेले नाहीत. भावाभावांच्या भांडणात मध्यस्थाने वावर घ्यावे, तशीच ही गोष्ट. गावोगाव आपण पाहतो. राज्य घेतले ते घेतलेच, त्याला दुसरे गोड नाव देण्याचे कारण नाही. परंतु घेतल्यावर त्यांनी काय केले? जुन्या राजाला पदवी ठेवली, नेमणूक दिली, आणि त्याच तटाच्या आत, आपल्या वाड्यापासून थोड्या पावलांवर, त्याचा किल्ला त्याला राहू दिला. जिंकणारा आणि हरलेला शंभर वर्षे शेजारी राहिले. हे "थोड्या पावलांवर" म्हणजे किती, ते चालल्यावाचून कळत नाही. आम्ही गोंडराजाच्या दरवाजातून निघालो आणि भोसल्यांच्या वाड्याच्या भागात पोचलो, तेव्हा बोलता बोलता वाट संपली होती.

मग भोसल्यांवर काय वेळ आली ती पाहा. या घराण्याच्या घोडेस्वारांची एके काळी अशी दहशत होती की १७४२ साली कलकत्त्याच्या इंग्रजांनी गावाभोवती खंदक खणावयास घेतला. त्याला मराठा खंदक असेच नाव पडले. महालातून निघालेल्या फौजा कटकापर्यंत गेल्या. १७५१ च्या तहाने ओरिसा भोसल्यांकडे आला. पुढे १८०३ साली अडगावला हार झाली, देवगावचा तह झाला, कटक गेले, वऱ्हाड गेले. १८१७ चे तर सांगितलेच. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले.

खालसा केले हे दोन शब्द आपण परीक्षेत लिहितो, पाच गुण मिळतात. त्याचा अर्थ असा की हत्ती, घोडे, उंट, बैल लिलावात मातीमोल गेले. वाड्यातले सामानसुमान बाहेर काढले. घराण्याचे जवाहीर विकण्यासाठी कलकत्त्याला पाठविले. बांकाबाई या दुसऱ्या रघूजींच्या विधवा राणी तेव्हा वृद्ध झाल्या होत्या. त्यांनी सामानाला हात लावाल तर वाड्याला आग लावीन असे बजावल्याचे इंग्रज इतिहासकार के यानेच नोंदविले आहे. सामान गेलेच. राण्यांनी विलायतेपर्यंत वकील धाडले, त्याचाही उपयोग झाला नाही. आणि योगायोग असा की दहा वर्षांनी, १८६४ साली, तो काळ्या दगडाचा, कोरीव लाकडाचा राजवाडा खरोखरच आगीत जळाला. आज जुन्या वाड्याची खूण म्हणून नगारखाना पाहावयाचा. आहेत ते राजवाडे नंतरचे.

याच बांकाबाईंवरून एक गोष्ट आठवते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारीत मारबतीची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना मिळालेली बांकाबाई, असे लोक पिढ्यान्पिढ्या सांगत आले. बाईंनी इंग्रजांशी जमवून घेतले, सत्तावनच्या बंडात त्यांच्या बाजूने राहिल्या, हे खरे. पण चार वर्षांपूर्वी याच बाई इंग्रजांशी भांडल्या होत्या हेही खरे. मारबत बंद करा असे मी म्हणत नाही. माझ्या लहान मुलीला खांद्यावर घेऊन मीही ती पाहतो. फक्त शिक्षकांनी वर्गात ही दुसरी अर्धी गोष्ट सांगावी.

महालातून इतवारीकडे निघालात की पाट्या वाचत चला. इतवारी, बुधवारी, मंगळवारी, सोमवारी, शुक्रवारी, शनिवारी; आठवड्याचे बहुतेक वार या शहरात वस्त्या होऊन बसले आहेत. पुण्यातही वारांच्या पेठा आहेत, पण तेथे रविवार पेठ, येथे मात्र इतवारी. या एका इतवार शब्दात नागपूरचे सारे भूगोल आहे. उत्तरेकडून हिंदी आली, पश्चिमेकडून मराठी आली, गोंडी आधीपासून होतीच. आपल्या गावचा आठवडी बाजार जसा वाराने ओळखला जातो तशीच ही शहरातल्या जुन्या बाजारांची नावे. इतवारीत सराफा आहे, किराण्याची ठोक दुकाने आहेत, कापड आहे. भूक लागली असेलच. कचोरी खा, संत्रा बर्फी घरी न्या. बाजाराचे वर्णन मी करीत बसत नाही, ते माझ्यापेक्षा आपल्या घरातल्या बायकांना अधिक ठाऊक आहे.

आता उन्हे कलू लागली असतील. रेल्वेचे रूळ ओलांडून पश्चिमेकडे आलात की सीताबर्डी. डोक्यावर मेट्रोचे उंच रूळ आणि पलीकडे झाडीने झाकलेली टेकडी. नागपूरकर हिला नुसते बर्डी म्हणतात. मूळच्या येथे दोन टेकड्या, एक मोठी, एक धाकटी. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी येथे गोळीबार सुरू झाला तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालला. इंग्रज रेसिडेंट जेन्किन्स जवळच्या रेसिडेन्सीत होता. त्याच्यापाशी दीड हजाराच्या आतबाहेर शिपाई, त्यांत मद्रासी पलटणींचे हिंदी लोकच अधिक. भोसल्यांची फौज त्यांच्या कितीतरी पट. सकाळी अरबांनी धाकटी टेकडी जिंकली. इंग्रजांचे आता संपले असे वाटत असताना कॅप्टन फिट्झगेराल्डने घोडदळ घेऊन खालच्या मैदानात मुसंडी मारली. तेवढ्यात धाकट्या टेकडीवर दारूची एक गाडी उडाली, गोंधळ झाला, आणि पारडे फिरले. मोठ्या फौजेला एक हुकूम देणारा माणूस नव्हता, हे त्या दिवशीचे खरे दुखणे असे माझे मत आहे. अप्पासाहेब लढाई करीत होते आणि त्याच वेळी लढाई आपल्या मर्जीविरुद्ध चालली आहे असेही कळवू पाहात होते. अशा धन्यासाठी जुम्मा दरवाजावर ते शिपाई पुढे इतके लढले, हे आठवले म्हणजे मन खिन्न होते.

टेकडीवरचा किल्ला लढाईनंतर इंग्रजांनी बांधला. तो सैन्याच्या ताब्यात आहे, आणि २६ जानेवारी, १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशीच सर्वांसाठी उघडतो. सहल त्या दिवसांना धरून आखलीत तर मुले वर जाऊ शकतील. वरून महालाकडे पाहा म्हणजे ध्यानात येईल की सारे अंतर अर्ध्यापाऊण तासाचे आहे. तेवढ्यात गोंडांचे, भोसल्यांचे आणि इंग्रजांचे राज्य आले.

आम्हाला अर्थात खालूनच पाहावे लागले. चहा घेतला. मुलाने वहीत काही लिहिले होते ते पुन्हा वाचले आणि विचारले, "सर, जुम्मा दरवाजा पेपरात येते का?"

"नाही येत."

"मंग बरं हाये," तो म्हणाला आणि वही पिशवीत टाकली. याचा अर्थ मी अजूनही पुरता लावू शकलेलो नाही.

गणेशपेठला परत आलो तो देवलापारची गाडी लागली होती. खिडकीची जागा मिळाली. गाडी सुरू झाल्यावर त्याने बाहेर डोके काढून ओरडून विचारले, देवगडाला कुठून जातात. मी सांगितले, छिंदवाड्याला जायचे आणि तेथून मोहखेडच्या बाजूला विचारायचे. मोठ्या ठामपणे सांगितले. खरे म्हणजे तेथेही मी अजून गेलेलो नव्हतो.